वाघोबाशी भांडणारी बाई

गुरुजी, तुमच्या तेराव्याला मी आले नव्हते. आजारी आहे असं कळवलं होतं, ते खोटं होतं. मला यायचंच नव्हतं. तिथं सगळे तुमच्या स्वच्छ वाणीबद्दल, नेमाच्या पूजेबद्दल बोलणार, आणि मी तोंड उघडलं असतं तर तुमच्या बायकोला उठून आत जावं लागलं असतं, एवढा राग माझ्यात तेव्हा होता. इतक्या वर्षांत तो जुना झाला, पण कमी झाला नाही.

तुम्हाला ती वाघबारस आठवत नसेल. तुमच्या लेखी ती घटनाच नव्हती. भात कापणीला आलेलं, दिवाळीची सुट्टी लागायला एक दिवस उरलेला. रानाच्या तोंडाशी वाघोबाचा दगड, त्याला ताजा शेंदूर, समोर पानावर खीर. बायका उभ्या आहेत आणि माझी आई कमरेवर हात ठेवून देवाला दम भरतेय. "काय रे वाघोबा, औंदा माझी बकरी नेलीस. गाभण व्हती, तेवडी तरी लाज धरायची! ही खीर खा नि गप बस. परत गोठ्याकडं फिरकलास त पुढल्या साली शेंदूर नाय लावायची, सांगून ठेवते." बायका पदर तोंडाला लावून हसताहेत. तुम्ही वाटेनं चालला होतात. थांबलात आणि म्हणालात, "अगं, देव म्हणजे काय तुझा गडी आहे?" आई जराही दचकली नाही. "गडी कुठला गुरजी, शेजारी हाय. शेजाऱ्यासंग भांडावं लागतं, नायतर तो आपल्याला इसरतो." बायका आणखी हसल्या. तुम्ही मात्र हसला नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर तुम्ही मला पुढं बोलावलंत. म्हणालात, "काल तुझी आई देवाशी कशी बोलली, ते मुलांना म्हणून दाखव." मी नऊ वर्षांची होते. मी कमरेवर हात ठेवला. आईचा आवाज माझ्या गळ्यात आधीपासूनच होता, तो काढला. बकरी, लाज, शेंदूर, सगळं हुबेहूब. वर्ग लोळायचा बाकी राहिला. तुम्हीही हसलात, डोळे पुसलेत, आणि मग खडूनं टेबलावर टकटक करून म्हणालात, "ही अडाण्यांची प्रार्थना. आता खरी प्रार्थना कशी असते ते ऐका." आणि डोळे मिटून खणखणीत संस्कृतात स्तोत्र म्हटलंत. घरी जाताना मला स्तोत्रांची छोटी पुस्तिका दिलीत. "तुझी जीभ चांगली आहे, तिला वळण लाव." मी लावलं. जोडाक्षरं घासूनपुसून लखलखीत केली. आज मी हजारभर माणसांसमोर माइक नसला तरी बोलते, ती ताकद त्या पुस्तिकेची आहे, हे मी नाकारत नाही. तुम्हाला मात्र त्याचं श्रेय द्यायला माझं मन तयार नाही.

कारण नंतर मी वाचलं, गुरुजी. पुष्कळ वाचलं. जप, व्रतं, अभिषेक, डोळे मिटून केलेलं ध्यान, रात्रभराचं भजन. देवाला लेकरू मानून पाळण्यात घालणारे, देवाला नवरा मानून रुसणारे, तोंडावर शिव्या देणारे, जन्मभर वैर करून त्यालाच आठवत राहणारे. या सगळ्याला तुमच्याच ग्रंथांत भक्ती म्हटलंय. तुमच्या कपाटात ते ग्रंथ होते, जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेले. तुम्ही अडाणी नव्हतात, म्हणून तुम्हाला माफी नाही. माझी आई देवाशी जे बोलत होती त्याला नाव आहे, हे ठाऊक असून तुम्ही त्याचं हसू केलंत. फक्त तिच्या अंगावर जुनेर होतं आणि ती 'नाही'ला 'नाय' म्हणत होती म्हणून!

पुढच्या वाघबारशीला आईनं खीर ठेवली, हात जोडले, ओठ नुसते हलवले. त्यानंतर ती वाघोबाशी कधीच बोलली नाही.

गेल्या आठवड्यात मुरबाडहून जीपनं गावी गेले. दगडाभोवती आता टाइल्सचं देऊळ उभं आहे, पुढं लोखंडी जाळीचं दार. परवा वाघबारशीला प्राणप्रतिष्ठा आहे, शहापूरहून भटजी येणार आहेत आणि मी प्रमुख वक्ता. मंडळाच्या मुलांना मी सांगितलं, जाळीला कुलूप लागायच्या आधी माझी आई वाघोबाशी तिच्या पद्धतीनं बोलेल. "चालंल ना ताई," एक जण म्हणाला, "पन टाइम कमी घ्या, भटजींना पुढं वास्तुशांत हाय." मग घरी आले. आई ओट्यावर नाचणी पाखडत होती.

"आये, औंदा तू वाघोबाशी बोल. पहिल्यासारखं."

"मला नाय येत."

"येत होतं की."

"तवा येत व्हतं." सूप हलत राहिलं. कोंडा उडाला. मग माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "तूच बोल गो. तुला माझ्यापरीस बरं जमतं. कमरेवर हात ठेवून."

ती तेव्हा शाळेच्या खिडकीशी उभी होती की कुणी येऊन सांगितलं, हे मी विचारलं नाही. तिनं हे इतकी वर्षं पोटात ठेवलं आणि माझ्या प्रत्येक भाषणाची बातमी शेजारणींना दाखवत राहिली.

हे पत्र मी तुमच्याच पुस्तिकेत घालून ठेवणार आहे, ते दुसरीकडं कुठं जाण्यासारखं नाही. पण एक गोष्ट इथं लिहून ठेवते. वर्गातला तो प्रसंग मी गावोगावच्या व्यासपीठांवर सांगत आलेय. लोक चिडतात, बायका रडतात, टाळ्या पडतात. त्या गोष्टीत कमरेवर हात ठेवून आईची नक्कल तुम्ही करता. आज सकाळी परवाच्या भाषणाचं टिपण काढलं. या वेळी खरं सांगायचं ठरवून बसले होते. आत्ता वाचून पाहिलं, त्यातही नक्कल तुम्हीच करताय.