मौनाच्या तासाची ड्रिल

७ जुलै १९५८, सोमवार
हेडबाई शालिनीबाईंनी बोलावलं. कमिटीला आता सर्टिफिकेटवाला ड्रिलमास्तर पाहिजे. माझ्याकडे चौथीचा दाखला आणि होळकर पलटणीतली नोकरी. ते चालत नाही. मात्र इन्स्पेक्टरसाहेबांना शाळेत ध्यान पाहिजे, त्यांना शौक आहे. ते जमवलंत तर तुमच्यासाठी बोलते, म्हणाल्या.
पोरांना गप्प बसवायचं, त्यात काय एवढं? दोन दिवसांचं काम.
घरी बोललो नाही. शाळा गेली तर दिवसभर सूनबाईच्या डोळ्यासमोर बसायचं. मरण बरं.

८ जुलै
वर्गाला ऑर्डर दिली: मनात काही आणायचं नाही. ज्याला विचार येईल त्याने कोपऱ्यात उभं राहायचं. थोड्या वेळात सगळा वर्ग कोपऱ्यात. पोरं इमानदार आहेत, एवढं सिद्ध झालं.

१० जुलै
बाई म्हणाल्या, "जयसिंगराव, आधी स्वतः तर बसून बघा."
बसलो. आधी गुडघा, मग पाठ, मग बड़ा गणपतीजवळची कचोरी. उठलो. मला शिकायचं नाही, शिकवायचंय. फालतू झंझट.

१४ जुलै
रस्ता सापडला. पलटणीचाच. एक शिट्टी, डोळे बंद. दुसरी शिट्टी, उघडे. मध्ये जो हलेल, बोलेल, त्याला मैदानाच्या चकरा, मग समोर कलेक्टर का येईना. आज नाकावर माशी बसली तरी कोणी हललं नाही. बाई म्हणतात याला ध्यान म्हणत नाहीत. त्यांना काय समजतं.

१७ जुलै, सकाळ
रात्रभर डोळा लागला नाही. साहेब आज येणार. देवा, एवढं एक पार पाड, मग काही मागणार नाही.

१७ जुलै, संध्याकाळ
शिट्टी मारली. नमुना म्हणून मीही समोर मांडी घातली. पुढचं बाईंकडून कळलं. साहेबांनी पोरांना नावं विचारली, कोणी बोललं नाही. शाबास म्हणाले, कोणी हललं नाही. तास संपला, पुढचाही संपला, पोरं तशीच. साहेबांचे डोळे भरून आले.
मी घोरत होतो म्हणे. हे बाईंचं म्हणणं. माझी समाधी लागली असणार.

१८ जुलै
रिपोर्ट आला. अशी शाळा जिल्ह्यात पाहिली नाही, म्हणे. मी बाईंना म्हटलं, बघा. त्या वर बघेनात. शेवटची ओळ त्यांनी हळू आवाजात वाचली: "मास्टरजी सोए रहें तब भी बच्चे ध्यान में रहते हैं. अलग मास्टर की आवश्यकता नहीं."
दुपारीच घरी आलो. सूनबाई म्हणाली, "मामंजी, आज शाळा लवकर सुटली?"
म्हटलं, हो.