परताव्याचे ऐंशी हजार

३ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन लागेना म्हणून तुझ्या शेजारच्यांकडे केला, तेव्हा वहिनी म्हणाली की तू तुझा फोन भिंतीवर आपटून फोडलास. म्हणून हे पत्र. तेही फाडशील, पण निदान वाचून झाल्यावर फाड.

सोमवारी आमच्या ऑफिसात तू काय करून ठेवलंस ते ऐक. करसल्लागार साहेबांचं उजवं मनगट मोडलंय, दोन दात पडलेत, कानामागे सात टाके घातलेत. ज्या खुर्चीने मारलंस तिचा पाय खिडकीची काच फोडून खाली रस्त्यावर गेला. फरशीवरचं रक्त मी पुसलं. माणूस साठीचा आहे दादा, तुझ्या निम्म्या वजनाचा. तुला लाज वाटत नसेल, पण मला वाटते.

दरवर्षी कराचे ऐंशी हजार परत येतात, यंदा पंधराच आले, म्हणजे मधले पासष्ट साहेबांनी खाल्ले, असं तू ओरडत होतास. कोणी दमडी खाल्लेली नाही. मी सांगणार होते, पण तू आलास तोच खुर्ची उचलून.

हात आवर, वेळेवर जेव. माझा लोभ आहेच, पण त्याची परीक्षा बघू नकोस.

तुझी,
छोटी


७ सप्टेंबर

चि. छोटीस,
अ. उ. आ.

अक्कल शिकवू नकोस. बाबा सांगून गेलेत की आगाऊ कर भरताना हात सैल सोडावा, वर्षाअखेरी परत येतं तीच आपली खरी कमाई. बाबांची लाकडाची गिरणी त्यावर तीस वर्षं चालली, माझी बारा. आजवर कधी ऐंशीला धक्का लागला नाही. तुझ्या साहेबाला फक्त एक खुर्ची बसली, हे त्याचं नशीब समज.

त्या ऐंशीच्या भरवशावर मी ओंडकेवाल्याला उधारी फेडायचा शब्द दिला होता. काल त्याने दोन माणसं पाठवली. एकाने मला आऱ्याच्या टेबलावर दाबून धरलं, दुसऱ्याने बरगडीत लाथा घातल्या. मी एकाचं नाक फोडलं, पण श्वास घेताना अजून कळ येते. तुझी वहिनी मुलीला घेऊन माहेरी गेली. जाऊ दे.

पोलीस येऊन गेले. खोलीत तुझ्याशिवाय तिसरं कोणी नव्हतं, तेव्हा त्याचं खरं की माझं, हे सगळं तुझ्या जबाबावर आहे. साहेब फाइल काढायला स्टुलावर चढले आणि पडले, एवढंच सांग. नाहीतर मी दोन वर्षं आत जाईन आणि गिरणी बुडेल. रक्ताच्या नात्याला जाग.

आणि आगाऊ कराचे हप्ते मीच बंद करायला लावले, असं साहेबाने पोलिसांना सांगितलंय. मी तसं कधी सांगितलेलं नाही, हे त्याला बजावून सांग.

आशीर्वाद आहेतच.

तुझा दादा


११ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हप्ते बंद करायला तूच सांगितलंस. लोक तोंडी सांगितलेलं विसरतात म्हणून साहेब सगळं लिहून घेतात. गेल्या नोव्हेंबरातली तुझी चिठ्ठी माझ्यासमोर आहे. गिऱ्हाईक कमी झालंय, पुढचे दोन हप्ते भरू नका, असं तुझ्या अक्षरात आहे आणि खाली सही आहे.

आता शांतपणे वाच. दरवर्षी तू पन्नासाचे चार हप्ते भरायचास, म्हणजे दोन लाख. कर व्हायचा एक लाख वीस हजार, ऐंशी परत यायचे. यंदा दोनच हप्ते भरलेस, म्हणजे एक लाख. कर झाला पंच्याऐंशी हजार, पंधरा परत आले. जे भरलंच नाहीस ते परत कुठून येणार? उरलेला लाख तुझ्याकडेच राहिला, त्यातून तू नवा आरा घेतलास. बाबा जिला कमाई म्हणायचे ती कमाई कधी नव्हतीच. आपलेच जास्तीचे भरलेले पैसे परत यायचे.

आता दुसरं. दोन दिवस मी आरशासमोर ते स्टूल घोकलं. पहिल्यांदा तुझ्यासाठी खोटं बोलले तेव्हा आठ वर्षांची होते. तू शेजारच्या मुलाचा हात पिरगाळून मोडलास आणि मी आईला सांगितलं की तो जिन्यावरून पडला. त्यानंतर वहिनीही एकदा पडली, दवाखान्यात मीच तसं लिहून दिलं. माझ्या सांगण्यावरून आजवर पाच माणसं पडलीत दादा. सहावं पाडणं मला जमलं नाही. आज सकाळी चौकीत जाऊन जे पाहिलं ते सांगून आले.

मला तुझी भीती वाटते. हे लिहितानाही वाटते आहे. तरी मी तुझी बहीण आहे आणि राहीन.

छोटी


१६ सप्टेंबर

चि. छोटीस,
अ. उ. आ.

हे पत्र चौकीतून लिहितोय. हवालदाराने कागद दिला.

तुझं पत्र वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. हिशेब डोक्यात शिरला, तरी राग जाईना. तसाच बसमध्ये बसलो. तुझ्या घरी येऊन तुझं थोबाड फोडायचं, दुसरं काही डोक्यात नव्हतं. हे लपवत नाही.

तुझा जिना चढलो. तिसऱ्या पायरीवर असेन, तेवढ्यात आतून आवाज आला. तू कपाट ओढून दाराला लावत होतीस. मी हाक मारली नव्हती, कडी वाजवली नव्हती. नुसत्या पावलांवरून तू मला ओळखलंस.

बाबा गिरणीतून घरी यायचे तेव्हा आई आपल्या दोघांना न्हाणीघरात कोंडून बाहेरून पिंप लावायची. त्यांची पावलं आपण अशीच ओळखायचो. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. मला आठवतं.

मी तिथेच पायरीवर बसलो. किती वेळ, ते माहीत नाही. मग उतरलो आणि चौकीत येऊन सगळं सांगितलं. साहेबांचं, आणि तू पाडलेल्या त्या पाच जणांचंही. वहिनीचं नाव सांगताना हवालदाराने लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं.

गिरणी विकायला काढ. आधी साहेबांचा दवाखाना भागव, उरेल ते वहिनीला दे. लोभ ठेव असं सांगायचा हक्क मला उरलेला नाही.

दादा

ता. क. मी आत आहे. दारासमोरचं कपाट काढलंस तरी चालेल.