सहा माणसांची केबिन

आलापल्ली,
शुक्रवार, ता. १४ जानेवारी १९५५

लटारूभाऊ यास गफ्फार मिस्त्रीचा सलाम आणि राम राम.

आम्ही सारे इथी खुशाल. सुगंधावहिनीची आणि लेकरांची खुशाली कळवजो. तिकडं सावली गावात धान घरात आलं असन. इथी थंडी अशी पडून राह्यली की सकाळी रंध्याले हात लावू वाटत नाई. जैनबचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. चांद्याले आमच्या जमीलाले दुसरा लेक झाला.

तीन वर्षं हा मिस्त्री कुठी मेला होता आणि आज काऊन पत्र, असं तू म्हणशीन. म्हण. पण आधी पुरं वाच, कारण मी अशी गोष्ट बांधायले निघालो आहे की चांदा जिल्ह्यात कोणाच्या बापानं पाह्यली नसन.

आपली म्हातारी आठवते ना, शेठची लाकडाची मोटार? लढाईतून आलेली, लिलावात घेतलेली, हँडल मारल्याशिवाय कधी तोंड न उघडलेली. तू स्टेअरिंग सोडल्यावर तिच्यावर दोन ड्रायव्हर झाले. पहिला आठ दिवस टिकला. दुसऱ्यानं आष्टीजवळचा नदीचा उतार पाह्यला, गाडी तिथीच ठेवली आणि पायी घरी गेला. तेव्हापासून ती माझ्या आवारात मोहाच्या झाडाखाली उभी. कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. मागच्या महिन्यात शेठ आला आणि म्हणे, तोडून लोखंड विकून टाकतो.

मले राग आला. मी म्हटलं, "शेठ, तोडू नका. मी तिची केबिन लांब करतो. ड्रायव्हरच्या मागं आणखी एक बाक टाकतो. सारी टोळी आत बसन, लाकडावर कोणी नाई."

शेठ हसला. "हमालाले केबिन? मग लाकूड कुठी ठेवू, माझ्या डोक्यावर?"

तुले माहीत आहे, मी तावात आलो की थांबत नाई. खडू घेतला आणि त्याच्याच ओसरीवर गाडी काढली. मागचा हौदा तीन फूट कमी होते. सागाचे गोल ओंडके तसेही मागून बाहेर निघतात, आणखी तीन फूट निघाले तर लाल फडकं बांधायचं. केबिनचा सांगाडा सागाचा. वरून डब्याचा पत्रा ठोकून सपाट केलेला. मागच्या बाकाले वेगळं दार, कोणी कोणाच्या मांडीवरून चढणार नाई. खिडकीले ताडपत्रीचा पडदा, पाहिजे तेव्हा गुंडाळा. बाकात काथ्या भरणार. आणि केबिनच्या मागं, नीट ऐक, बिजासालच्या लाकडाची जाड भिंत, तिच्यात रेल्वेच्या जुन्या रुळाचे तुकडे उभे. ब्रेक मारला आणि लाकूड पुढं सरकलं, तर ते भिंतीले धडकन, माणसाले नाई.

शेठ त्या खडूच्या गाडीभोवती दोन चकरा मारून आला. शेवटी म्हणे, "नकाशा तर इंजिनेरासारखा काढला मिस्त्री."

लटारू, माझी छाती अशी फुगली की काय सांगू. एवढी वर्षं मी बैलगाडीची चाकं केली, दारं केली, पाटलाचा पलंग केला, पण असा नकाशा माझ्या हातून कधी उतरला नव्हता.

मग आवारात चुन्यानं खरी मापं आखली. साऱ्या टोळीले बोलावलं आणि त्या चुन्याच्या केबिनमध्ये, जमिनीवर, लाकडी ठोकळ्यांवर बसवलं. पोचू पुढं. कोलू मागं, त्याचे पाय इतके लांब की गुडघे पुढच्याच्या कमरेले लागत होते. मी बाक चार बोटं मागं घेतला. पोचू हातानं गाडी चालवल्यासारखं करू लागला, तोंडानं आवाज काढू लागला, आणि कोलू मागून ओरडे, "अबे हळू, माह्या पोटातलं पाणी हालते." बाया पाण्याले जाता जाता थांबल्या. चार मोठे माणसं चुन्याच्या रेघेत बसून हसून राह्यले, असं कधी पाह्यलं होतं का कोणी? सकाळी ज्याची पाळी त्यानं हँडल मारायचं, त्या दिवशी तुझ्या बाजूची एकुलती जागा त्याची, आणि बाकीचे वर लाकडांवर, हा आपल्या टोळीचा नेम आता संपला समज.

जैनब दारात उभी होती. म्हणे, "ड्रायव्हर धरून टोळीत माणसं पाच आणि तुम्ही जागा सहा काढल्या. मोजता येते ना?" मी म्हटलं, तू तुझी भाकर पाहा.

आता खरं काम. शेठनं एक अट घातली. तीन फूट हौदा कापला की वजन मागं जाते, पुढची चाकं हलकी होतात, आणि उतारावर स्टेअरिंग माणसाले फसवते. शेठ म्हणे, "अशी गाडी एकटा लटारू उतरवन. तो येत असन तर काप. नाई तर होळीनंतर मी ती तोडणार." मी अजून आरी लावली नाई. म्हणून तुले लिवतो. त्या दिवशी नदीकाठी तू म्हटलं होतं की आता स्टेअरिंगले हात लावणार नाई. ते मी ऐकलं होतं. तरी सांगतो, ये. त्या दिवसाचं मी काही लिवत नाई.

शुक्रवार, ता. २१ जानेवारी

वरचं पत्र आठ दिवस माझ्या हत्याराच्या पेटीत पडून आहे. पोचू रोज विचारते, "मिस्त्री, डब्यात टाकू?" मी म्हणतो, एक गोष्ट लिवायची राह्यली. तो म्हणे, मग लिवा ना. जसं काही सोपं आहे.

आज लिवतो. जैनब बाजारात गेली आहे.

त्या सकाळी तुझं आणि तुझ्या धाकट्या भावाचं, डोमाचं, वाजलं होतं. त्यानं गाडी शिकवा म्हटलं आणि तू त्याले साऱ्यांसमोर झापलं. मग तू नाक्यावर पास दाखवायले गेला. बाकीचे मागं साखळी आवळत होते. गाडीजवळ आम्ही दोघंच.

हँडल त्या दिवशी डोमानं मारलं होतं, लटारू. पाळी त्याची होती. तो जागेवर बसलाही होता.

मी चांद्याले जमीलाची सोयरीक पक्की करायले निघालो होतो. परटाकडून आणलेली पांढरी शेरवानी अंगात. वर लाकडावर बसलो असतो तर बल्लारशाले पोचेपर्यंत तिचं मातेरं झालं असतं. मी तोंडानं जागा मागितली नाई. पण मी दारापासून हललोही नाई. बाही झाडत उभा राह्यलो, त्याच्या नजरेत यावं म्हणून. तो हसला आणि खाली उतरला. म्हणे, "बसा मिस्त्री. असे धुळीनं भरून गेले तर सोयरे दारातून वापस पाठवतीन." मी नाई म्हणायले पाह्यजे होतं. मी बसलो.

तू आला तेव्हा तो वर होता. तुले वाटलं, रागानं बसला. उतारावर वरचा गोल सरकला आणि तो त्याच्याखाली आला. नदीकाठी तू त्याले मांडीवर घेऊन म्हणत होता, "माह्यावर रुसून वर बसला, मीच मारलं माह्या भावाले." साऱ्यांनी ऐकलं. मीही तिथीच उभा होतो आणि माझ्या कपड्याले एक डाग नव्हता. तेव्हा बोललो नाई. पंधरा दिवसांनी तेच कपडे घालून सोयरीक करून आलो, तेव्हाही बोललो नाई. तू धानाच्या बांधीत जाऊन बसला, सोन्यासारखा ड्रायव्हर, आणि मी तीन वर्षं तुले ते ओझं वाहू दिलं.

आणखी एक, हे तुझं आहे म्हणून तुले देतो. वर चढता चढता तो म्हटला होता, "दादाचा राग दुपारपर्यंत टिकत नाई. बल्लारशाले चहा तोच पाजन." तो तुझ्यावर रुसला नव्हता. एवढं एक वाक्य मी तीन वर्षं दाबून ठेवलं. याची मले लाज वाटते, बाकी साऱ्याहून जास्त.

जैनबले मी खरं उत्तर दिलं नाई, तुले देतो. सहावी जागा माझ्यासारख्याची आहे. वाटेत कोणी तरी भेटतेच, चांगले कपडे घातलेला, कुठी तरी निघालेला. तो आला तर टोळीतल्या कोणाले उठावं लागू नये.

हे वाचून तू आला नाई, तर मी तुले दोष देणार नाई. म्हातारी जाईन भंगारात आणि माझा नकाशा चुन्यासारखा पावसात धुवून जाईन. मले त्याचं वाईट वाटन, खोटं काऊन बोलू. असं काम पुन्हा माझ्या हातून होणार नाई. पण गाडीसाठी मी हे लिवलं नाई. पहिला कागद गाडीसाठी होता, हा दुसरा तुझ्यासाठी आहे.

पोचू मंगळवारी बहिणीकडं सावलीले येऊन राह्यला. पत्र त्याच्या हाती देतो, डब्यात टाकत नाई. त्याच्याजवळ पोत्यात गुंडाळलेलं जड काही आहे, ते घेजो. म्हातारीचं हँडल आहे. मुठीवरचं लाकूड मी बदललं नाई, शेवटचा हात त्यावर डोमाचा होता. दुसरं हँडल मले एका दिवसात बनवता येते. बनवणार नाई. ती आता तुझ्याशिवाय सुरू होत नाई.

आला तर ते घेऊन ये. नाई आला तर घरी ठेव, ते तुमच्याच घरचं आहे.

डोमाच्या जागेवर बसून घरी पोचलेला,
गफ्फार मिस्त्री