भेटीच्या प्रसंगाची चार पानं

प्रिय पोपटराव,

या नावाने हाक मारली की तुला राग येतो, पण घरात सगळ्यांत जास्त बडबड करणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? तीन आठवडे तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आधी कबुली. त्या दिवशी निर्मात्यांना आपला सिनेमा दाखवला आणि शेवटचा भेटीचा प्रसंग मुका निघाला, ते मी ठरवून केलं नव्हतं. माझी सवय तुला माहीत आहे, कुठलाही प्रसंग मी आधी आवाज बंद ठेवून जोडते. चित्रं स्वतःच्या पायावर उभी राहतात का ते बघायचं, मग संवाद लावायचे. त्या प्रसंगाचे संवाद चालू करायचे राहिले आणि तशीच प्रत बाहेर पडली. निव्वळ वेंधळेपणा. तू तरातरा निघून गेलास तेव्हा तुझ्यामागे यायला हवं होतं. आले नाही, कारण खोलीत कुणी जागचं हलत नव्हतं. दिवे लागल्यावर निर्माते चष्मा पुसत म्हणाले, धाडसी निर्णय घेतलात. आणि मी खुशाल मान डोलावली. त्याची लाज वाटते.

तेव्हापासून मुकी आणि संवादांची अशा दोन्ही प्रती शेजारी शेजारी लावून बघते आहे. आई दोन वर्षं अंतराळात काढून परतते, तोवर पृथ्वीवर पंचावन्न वर्षं उलटलेली. सहा वर्षांची असताना मागे ठेवलेली लेक आता एकसष्टची. तू हे सगळं लेकीच्या तोंडी घातलंस, यानाचा वेग, काळाचा हिशेब, हुकलेले वाढदिवस. शास्त्र चोख आहे, शब्दही सुरेख आहेत. पण दार उघडण्याआधी ती पांढरे केस घाईघाईने स्कार्फखाली ढकलते, ते तू नीट पाहिलंस का? आईला धक्का बसू नये म्हणून म्हातारी लेक केस लपवते. आणि तरुण आई तिच्यासाठी आणलेले इवलेसे बूट पाठीमागे धरते. एवढं दिसल्यावर काळाचं गणित कुणी कशाला सांगत बसावं? अशा सिनेमांत आपण यंत्रं समजावता समजावता माणसंही समजावून सांगायला लागतो, तिथे घोडं अडतं.

तेव्हा ऐक. सोमवारी आवाजाचं शेवटचं काम सुरू होतंय आणि तो प्रसंग मुकाच राहणार. आधी ती चूक होती, आता तो माझा निर्णय आहे. दिग्दर्शिका माझ्या बाजूने आहे, पण ती नसती तरी मी हटले नसते. तू जन्मभर अबोला धरलास तरी नाही. धरलास तर मला फार वाईट वाटेल, तेही सांगून ठेवते.

त्या प्रसंगाच्या संवादांची तुझी चार पानं सोबत परत पाठवते आहे. काल ती पुन्हा वाचली, या वेळी सिनेमा बाजूला ठेवून. त्यात लेक आईला म्हणते, पडलेला दात तुला दाखवायला डबीत जपून ठेवला होता, आणि तू आलीस तेव्हा काय बोलायचं तेच सुचेना. ती डबी लहानपणी तूच माझ्या कप्प्यात लपवली होतीस. बाबा कामासाठी परदेशी निघाले तेव्हा तू सहाचा होतास, परतले तेव्हा बाराचा. दिवसभर टकळी चालवणारा तू त्या दिवशी माझ्या पाठीमागे दडलास, आणि आजवर त्यांच्याशी हवापाणी आणि औषधं यापलीकडे बोलला नाहीस. एवढे चांगले संवाद तू भलत्याच माणसांना ऐकवायला निघाला होतास. बाबा रविवारी दुपारी माझ्याकडे येणार आहेत. तूही येतो आहेस, असं मी तुला न विचारता त्यांना सांगून टाकलंय. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, तेव्हा डावीकडे बस. आणि पानं घेऊन ये.

तुझीच, तुझे संवाद कापणारी,
ताई