गळ्यातला वळसा

३ मार्च २०१४, सोमवार
मेधा आज तिच्या लॅबमध्ये घेऊन गेली. सूनबाई इथं युनिव्हर्सिटीत गळ्यातल्या धमन्यांवर संशोधन करतात — कुणाची कुठं दुभागते, कुणाची कशी वळते. चाळीस माना हव्या होत्या, एकोणचाळीस मिळाल्या. चाळिसावा बकरा मी! गार जेल चोपडून मशीन फिरवलं. एका जागी थांबली. परत फिरवलं.

"बाबा, तुमची उजवी धमनी भारीच आहे हो!"

इतरांची मेंदूकडे सरळ वर जाते, माझी मधेच गोल वळसा घेते म्हणे. रोग नाही, घडणच तशी. जन्मभर नगरपालिकेचे पाइप टाकले. असा वळसा कुणी घातला असता तर मेमो दिला असता. पण पोरगी काय खूश होती! मलाही बरं वाटलं.

५ मार्च
लिटिल इंडियात, इथल्या भारतीय वस्तीत, दाढी. तिथला तमिळ न्हावी शेवटी हनुवटी धरून मानेला झटका देतो — कडाक्! इथं आल्यापासून तेवढंच आपलं सुख. जेवताना सहज बोललो. मेधाचा घास हातातच राहिला. "बाबा, झटका बंद. आजपासून! ती धमनी आतून फाटली म्हणजे?"

माझ्या मुलासमोर मला हुकूम! आणि प्रबोध मुकाट वरण ओरपतोय.

६ मार्च
कुणाशी बोललो नाही.

८ मार्च
मेधा फोनवर कुणाला तरी सांगत होती — "अशी केस परत मिळायची नाही." केस! सासरा नव्हे, केस. प्रबोधला म्हटलं, परतीचं तिकीट अलीकडचं काढ. "अहो बाबा, अजून महिना आहे..." काढ म्हटलं ना! मंगळवारचं मिळालं. मेधाच्या नाकाचा शेंडा तेवढा लाल झाला. वाईट वाटलं. पण माघार घ्यायची सवय नाही.

९ मार्च
बॅग भरली. उद्या शेवटचा झटका घेणारच. बघू कोण अडवतं!

१० मार्च
दाढी झाली. मान पुढं केली, तर न्हावी हात मागे घेऊन उभा. "नहीं अंकल. मॅडम आया था, आपका फोटो दिखाया." शेजारच्या दुकानात गेलो — तेच. तिसऱ्यात तेच. गुरुवारी हाफिसातून सुटून मेधा सगळी दुकानं फिरली होती म्हणे.

"आपका बेटी हाथ जोड़ा, अंकल."

बेटी नाही, सून — असं सांगणार होतो. नाही सांगितलं. तिथूनच प्रबोधला फोन लावला. म्हटलं, तिकीट रद्द कर.