बेडकीचे टायर

४ फेब्रुवारी
अप्पांनी आज बेडकीवरचं कापड काढलं. झालं आता!

गाडीला बेडकी हे नाव आईनं ठेवलेलं. दोनच माणसं बसतात, तीही जवळजवळ जमिनीला टेकून, आणि सुटली की उडीच मारते. शर्यतीच्या गाड्यांची धाकटी बहीण म्हणून अप्पा तिला मिरवायचे. घेतली तेव्हाच जुनी होती, आता मालकही जुना झालाय. मेकॅनिकनं इंजिन चालू करून दिलं, पण उभ्या उभ्या टायर मात्र तडकलेत.

जेवताना अप्पांनी जाहीर केलं की आत्याच्या पंचाहत्तरीला बेडकी घेऊनच जायचं. इंजिनाचं ते बघतील, टायर तेवढे मी बघायचे. मला आकडेमोड जमते ना!

मी हो म्हणाले. का म्हणाले?

५ फेब्रुवारी
लिहूनच टाकते. कुठेतरी बोलायला हवं.

अप्पांना काचबिंदू आहे. मी ज्या दवाखान्यात डोळे तपासते तिथेच, माझ्याच मशीनवर मागच्या महिन्यात त्यांची तपासणी केली. समोरचं अजून लख्ख दिसतं, पेपरातलं बारीक अक्षरही वाचतात. पण बाजूची नजर गेलीय. डावीकडून कुणी आलं तर अगदी अंगावर येईपर्यंत कळत नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवणं बंद, आणि हे तुम्हीच घरी सांगा, तुमचं ऐकतील. मी मान डोलावली. घरी येऊन अप्पांना काय सांगितलं? तर थेंब घालायला विसरू नका.

दवाखान्यात परक्या माणसांना तोंडावर सांगते — काका, आता किल्ली मुलाकडे द्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पण या माणसानं मला सायकल शिकवलीय, मागून धावत. त्याला कसं सांगू?

९ फेब्रुवारी
टायरवाल्याकडे गेले. टायरवरचे आकडे कसे वाचायचे ते त्यानं शिकवलं. आपल्या टायरवर लिहिलंय १८५/७०, पुढे १३. पहिला आकडा रुंदीचा. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची. शेवटचा आतल्या रिमचा, इंचात. म्हणाला, ताई, तेरा इंचात एवढा रुंद टायर आता आमच्याकडे येतच नाही.

घोडं तिथंच अडलं! मला इतकं हायसं वाटलं की लाज वाटली. घरी येऊन सांगितलं, मिळत नाही. अप्पा म्हणाले, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! चौदाचे रिम टाकायचे, त्यात काय." उत्तर तयारच होतं.

१० फेब्रुवारी
दादाचा फोन. मी सगळं सांगितलं. म्हणे, डोळ्यांतलं तुला कळतं, तर तूच सांग. लांब बसून शहाणपण बरं सुचतं!

१४ फेब्रुवारी
औषधं आणायला अप्पांबरोबर गेले. रस्ता ओलांडताना डावीकडून स्कूटर आली. अप्पा सरळ पुढे निघाले! मी बाही धरून मागे ओढलं. स्कूटरवाल्यालाच झाडला त्यांनी — डोळे आहेत का बटणं! तो बिचारा हॉर्न वाजवत आला होता.

स्कूटरच्या जागी शाळेतलं पोर असतं आणि अप्पा बेडकीत असते तर?

आज सांगायचंच ठरवलं. चहा घेऊन गेले. ते जुन्या बनियननं बेडकीचा आरसा पुसत बसले होते, गुणगुणत. आई गेल्यापासून गुणगुणताना ऐकलं नव्हतं. चहा ठेवला आणि परत आले.

१७ फेब्रुवारी
हिशोब केला. रिम मोठं घेतलं की टायर तेवढा चपटा घ्यायचा, म्हणजे चाकाची एकूण उंची तीच राहते. नाहीतर वेगाचा काटा खोटं सांगतो, आणि चाक फार मोठं झालं तर वळताना आत पत्र्याला घासतं. १९५/६०, चौदा इंच — जुन्या चाकात आणि यात एका मिलिमीटरचाही फरक नाही. एरवी एवढं जुळलं असतं तर नाचले असते. आज तो कागदच चुरगळून टाकला. आता कुठलीच सबब उरली नाही.

१९ फेब्रुवारी
एक सबब उरलीय. वाईट आहे.

२० फेब्रुवारी
टायरवाल्याला फोन केला. रिम चौदाचेच, पण टायर २०५/७० सांगितले. सत्तर नक्की ना, असं त्यानं दोनदा विचारलं. नक्की म्हटलं. चाक दोन इंचांनी उंच होणार. सरळ चालेल, पण स्टिअरिंग पुरतं वळवलं की घासणार. आणि आमच्या फाटकासमोरच भिंत. बाहेर पडायचं तर पुरतं वळवल्याशिवाय सुटका नाही. म्हणजे गाडी अंगणातच राहील, आणि बोल लागेल तो टायरला.

खोटं बोलले नाही, असं स्वतःला सांगतेय. आकडाच सांगितला ना फक्त!

२४ फेब्रुवारी
टायरवाला टेम्पो घेऊन घरीच आला. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून तयार. शेजारचे वकीलकाका खुर्ची टाकून बसले होते, पाहायला. मी स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. चाकं बसली तेव्हा हाक आली.

अप्पांनी टायरवरून हात फिरवला. "छान," म्हणाले. बसले, चालू केली, फाटकापर्यंत आले आणि स्टिअरिंग वळवलं. खर्रर्र! सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. पुन्हा वळवलं, पुन्हा तेच. मग उतरले, वाकून चाकामागे पाहिलं आणि वकीलकाकांना म्हणाले, "माझंच माप चुकलं. वय झालं आता."

मी तिथंच उभी होते. "नाही अप्पा, मी चुकवलं" एवढं म्हणायचं होतं. सगळ्यांसमोर त्यांनी चूक स्वतःच्या माथी घेतली आणि मी घेऊ दिली. गाडी मागे नेऊन त्यांनी कापड टाकलं. आत्याकडे बसनं जाऊ म्हणाले.

२५ फेब्रुवारी
कुणाचा तरी जीव वाचवलाय, असं म्हणत दिवस काढला. तरी घास उतरत नाही. अप्पा मात्र मजेत, मलाच जेव म्हणून आग्रह करत होते.

२७ फेब्रुवारी
टायरवाल्याचा फोन. टायर परत न्यायचे का, विचारत होता. मी माफी मागितली, म्हटलं माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं. तो म्हणाला, "छे हो ताई. बसवायच्या आधीच मी अप्पांना सांगितलं होतं, हे घासणार, साठचे टेम्पोत आणलेत, ते लावतो. तर म्हणाले, नको. पोरीला तोंडानं सांगवत नाहीये. हेच बसव."