आटलेलं अस्तर

मंगळवार, कळंब

आज अब्बांना धाराशिवला नेऊन डोळ्याचा स्कॅन केला. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. डोळ्याच्या पडद्यावर, अगदी मधोमध, पातळ झिल्ली धरलीय. ती आकसतेय, त्यामुळं खालच्या पडद्याला चुण्या पडल्यात. म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते.

अब्बांची सगळी हयात शिलाई मशीनवर गेली. त्यांना लगेच कळलं. "म्हणजे अस्तर आटलंय. मग उसवून काढा की, साहेब."

डॉक्टर म्हणाले, काढता येतं, पण चुण्या पूर्ण जातीलच असं नाही. सध्या थांबू, काही महिन्यांनी परत स्कॅन करून बघू.

थांबू म्हणजे काय करू मी? रोज त्यांच्या डोळ्यांकडं बघत बसू? वरून तर काहीच दिसत नाही.

घरी आल्या आल्या अब्बा मशीनवर बसले. मघाशी बघितलं तर काल मारलेली ब्लाऊजची शिलाई ब्लेडनं उसवत होते.

"वाकडी गेलीय गं, शबाना."

मी कापड हातात घेतलं. पट्टी लावल्यागत सरळ होती.

"सरळ हाय, अब्बा. खरंच."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नको," म्हणाले, आणि उसवत राहिले.

मी नुसती दोरे वेचत बसले.